कण्हेरच्या काठावरची आमची पडीक जमीन : सुरुवात कुठून करावी?

वेण्णेकाठी :

नमस्कार मंडळी.

आमचं मूळ गाव जावळी तालुक्यात, कण्हेर धरणाच्या पाण्याला लागून. ऐंशीच्या दशकात पाणी अडलं तेव्हा आजोबांची नदीकाठची काळी रानं बुडाली आणि वरच्या अंगाचं वरकस, म्हणजे हलकं उताराचं रान, तेवढं राहिलं. सातबाऱ्यावर आज साधारण ५० गुंठे दिसतात. आजोबा गेल्यापासून तिथं कुणी नांगर घातलेला नाही. वडील आणि काका नोकरीपायी बाहेर राहिले, आम्ही चुलत भावंडं पुण्या-मुंबईत.

जागेची अवस्था सांगते. वरच्या बाजूला दगडी ताली (उतारावर माती धरणारे बांध) आहेत, काही शाबूत, काही ढासळलेल्या. एक मोठा रायवळ आंबा आणि जांभळाची झाडं आहेत. जुन्या गोठ्याचं जोतं आहे. मधल्या सगळ्या उतारावर घाणेरी (टणटणीची काटेरी झुडपं) माजली आहे, माणूस आत शिरला तर बाहेरून दिसत नाही. खाली पाण्याच्या कडेला बेशरमाची भिंत झाली आहे. जलाशय समोर असून पाण्यापर्यंत पोचता येत नाही.

आम्हाला रिसॉर्ट करायचं नाही, टेंटही लावायचे नाहीत. आजीची फार इच्छा आहे की सगळ्यांनी दिवाळीला आणि मे महिन्यात एकत्र यावं, तिच्या डोळ्यांसमोर पोरं आंब्याखाली खेळावीत. दोन खोल्या, पुढे ओसरी, थोडी फळझाडं, परसातली भाजी आणि मुलांना भीती न बाळगता पाणी बघता येईल अशी जागा, एवढंच हवं आहे.

एक भाऊ म्हणतो जेसीबी घाल, एका दिवसात रान मोकळं होईल. काका म्हणतात फेब्रुवारीत काडी लावून टाका. मला दोन्ही पटत नाही, पण काय करावं हेही नीट ठाऊक नाही. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावं.

मोजणीदार :

ताई, मी भूमी अभिलेख खात्यात नोकरी केली आहे, म्हणून आधी कागदांवर बोलतो. कोयत्याला हात लावायच्या आधी मोजणी.

धरणाकाठच्या जमिनीत एक भानगड हमखास असते. पूर्ण गट संपादित झालेला नसतो, गटाचा तुकडा जातो. भूसंपादनाचा निवाडा होतो, फेरफार पडतो, मग कमी-जास्त पत्रक म्हणजे क.जा.प. होऊन गटाचं नवं क्षेत्र आणि नवा नकाशा तयार व्हायला हवा. बऱ्याच ठिकाणी सातबाऱ्यावर क्षेत्र कमी झालेलं असतं पण नकाशाला हात लागलेला नसतो. अशा जागी माणूस कागदावर ५० गुंठ्यांचा मालक असतो, पण ते ५० गुंठे जमिनीवर नेमके कुठे, ते कुणालाच सांगता येत नाही.

त्यामुळे या क्रमाने जा. चालू सातबारा आणि ८अ, म्हणजे खातेउतारा, काढा. सातबाऱ्यावरचा प्रत्येक फेरफार क्रमांक पाहून संपादनाच्या काळातले जुने फेरफार तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळवा. इतर हक्काच्या रकान्यात पुनर्वसनाचा काही शेरा आहे का, हस्तांतराला बंदी आहे का, ते पाहा. भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी जमीन) आहे की वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी), तेही पाहा. मग तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या. मोजणीच्या नोटिसा लगतच्या कब्जेदारांना जातात. पाटबंधारे खातं तुमचं लगतचं आहे, त्यांचाही माणूस त्या दिवशी हजर राहील असं बघा. संपादनाच्या हद्दीवर खात्याने दगड रोवलेले असतात. ते तुमच्या घाणेरीत कुठेतरी गडप झालेले असणार.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. मे महिन्यात पाणी खाली जातं आणि मोकळी जमीन दिसते, ती आपली असं घरातल्या प्रत्येकाला वाटायला लागतं. ती आपली नाही. पूर्ण संचय पातळीपर्यंतचं, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथपर्यंतचं, आणि बऱ्याचदा त्याच्याही वरचं काही क्षेत्र सरकारनं घेतलेलं असतं. तुमची जमीन जिथे संपते तिथे एक रेघ मनात पक्की करा आणि घर, कुंपण, झाडं सगळं त्या रेघेच्या वर आखा.

जांभूळपाणी :

काकांना हात जोडून सांगा, काडी लावू नका. साताऱ्याच्या डोंगरांना दर उन्हाळ्यात वणव्यांनी काय होतं ते आपण सगळे बघतो. घाणेरी जळते आणि पहिल्या पावसात बुडख्यातून पुन्हा फुटते, आधीपेक्षा दाट. मरतं ते बाकीचं : गवताचं बी, जांभळाची रोपं, जमिनीतली गांडुळं, टिटवीची अंडी. शिवाय आग तुमच्या बांधावर थांबत नाही. वर वनखात्याची हद्द असेल तर गुन्हा दाखल होतो, तो वेगळाच.

गवताळ_सडा :

घाणेरीवर मी थोडं विस्तारानं लिहितो, कारण आमच्या संस्थेनं कास-बामणोलीच्या बाजूला हेच काम हातानं केलं आहे.

घाणेरीचं झुडूप बुंध्याशी बघा. जमिनीच्या वर आणि जमिनीखाली साधारण तीन-चार बोटं एक जाडसर गाठाळ भाग असतो. फूट तिथूनच येते. वरून कोयत्यानं छाटलं की त्या गाठीतून चार नव्या काठ्या उभ्या राहतात. म्हणून छाटणी हा उपायच नव्हे. करायचं असं : एकानं बेळक्यानं काटेरी फांद्या उचलून धरायच्या. दुसऱ्यानं वाकून बुंध्याभोवतीची माती टिकावानं थोडी ओढायची आणि गाठीच्या खाली सोटमुळावर एकच तिरका घाव घालायचा. बाजूची मुळं वरवरची असतात, ती हिसक्यानं सुटतात. निघालेलं झुडूप तिथंच उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. सरळ पडलं तर ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या मुळं धरतात.

वेळ फार महत्त्वाची. मे महिन्यात ही जमीन दगडासारखी असते, पहार आपटून माणसं थकतात आणि शेवटी कंटाळून वरूनच कापतात. वळवाचे दोन चांगले पाऊस होऊन गेले की माती सुटते आणि तेव्हा काम झरझर होतं. हिरव्या फळांचे काळे घोस व्हायच्या आत काढलं तर उत्तम. बुलबुल आणि साळुंक्या ती फळं खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याच्या खाली बी टाकतात. त्यामुळे तुमच्या आंब्याखाली आणि जांभळांखाली पुढची दोन-तीन वर्षं नवी रोपं येत राहतील. ती बोटभर असताना हातानं उपटायची. पहिल्या वर्षी काढून पाठ फिरवली तर सगळी मेहनत वाया, हे मी अगदी काकुळतीनं सांगतो.

दुसरं, सगळा उतार एकदम उघडा करू नका. जावळीचा पाऊस साधा नसतो. घाणेरी कितीही वाईट असली तरी आज तीच तुमची माती धरून बसली आहे. उताराला आडव्या पट्ट्या पाडा. एक पट्टी काढा, एक ठेवा. काढलेल्या पट्टीत लगेच मारवेल किंवा पवना गवताचे ठोंब लावा, किंवा निदान त्याच डोंगरावरच्या गवताचं बी फेका. गवत धरलं की पुढच्या वर्षी मधली पट्टी.

वाईचा_शेतकरी :

मला हे पटत नाही. इतकी वर्षं माजलेलं रान हातानं निघत नसतं. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर काटेरी कामाला तयार होत नाहीत. मी धोम धरणाच्या बाजूला जेसीबीनंच साफ केलं. पैसे एकदाच गेले आणि विषय संपला.

गवताळ_सडा :

दादा, तुमची जमीन सपाट असेल तर मशीन चालेल. यांचा उतार आहे आणि खाली जलाशय आहे. बकेटनं मुळासकट खरवडलं की वरची वीतभर सुपीक माती सैल होते आणि पहिल्या मोठ्या पावसात थेट पाण्यात जाते. धरणात गाळ भरतो आणि इथे मुरूम उघडा पडतो. उघड्या मुरमावर सगळ्यांत आधी काय उगवतं? रानमोडी आणि पुन्हा घाणेरी.

शिवाय त्यांच्या ताली आहेत. जुन्या माणसांनी एकेक दगड बसवून बांधलेल्या कोरड्या ताली जेसीबीच्या एका फटक्यात जातात आणि तशा बांधणारे हात आता गावोगाव शोधावे लागतात. मशीन लागेलच, पण घराच्या जोत्यापुरतं आणि वाटेपुरतं. तेही दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर.

वाईचा_शेतकरी :

तालींचा मुद्दा बरोबर आहे. आमच्याही गेल्या, आणि गेल्या पावसात खालच्या टप्प्यावर घळ पडली हेही खरं. ताई, उतार असेल तर त्यांचं ऐका.

मेढेकर :

मी इथलाच. गावात राहणाऱ्याच्या नजरेनं चार गोष्टी सांगतो, राग मानू नका.

तुम्ही पुण्याहून येऊन पहिल्यांदा काय करणार? तारेचं कुंपण. आणि गावाशी पहिलं भांडण तिथंच होतं. पडीक रानातून इतकी वर्षं गुरं पाण्यावर जातात. तुम्हाला घाणेरीत जी बोगद्यासारखी वाट दिसते ना, ती गुरांनीच पाडली आहे. ती बंद केली तर लोक तहसीलदारांकडे जातील, मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा त्याचसाठी आहे, आणि तुमची सुट्टी तारखांमध्ये जाईल. त्यापेक्षा कुंपणाच्या आधी गावात बसा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, एका कडेनं बैल जाईल एवढी वाट सोडा. गाव तुमच्या घराकडं लक्ष ठेवील. तुम्ही वर्षातले पंधरा दिवस येणार, बाकीचे दिवस घर गावाच्याच भरवशावर.

दुसरं गाळपेर. पाणी उतरलं की उघडी पडलेली जमीन पाटबंधारे खातं एका हंगामापुरती करायला देतं, धरणग्रस्तांना आधी. तिथं कुणी हरभरा, गहू केला असेल तर तो त्याच्या हक्काचा आहे. आमच्या पाण्यासमोर हा कोण, असं म्हणू नका.

तिसरं, पोरांचं. हे नीट ऐका. या पाण्याला घाट नाही. काठ दिसतो सपाट, पण खाली जुनं शिवार आहे. त्यात बांध आहेत, ताली आहेत, झाडांचे बुडखे आहेत आणि विहिरी आहेत. गुडघाभर पाण्यात चालणारं माणूस पुढच्या पावलाला विहिरीत जातं. पाणी उतरताना काठावर गाळाची साय धरते, वरून वाळलेली, आत मांडीभर ओली. पोहता येणारी माणसं त्यात अडकली आहेत. तुमच्या आजीला विचारा, आपल्या रानात आणि शेजारच्या रानात विहिरी कुठं होत्या. मे महिन्यात पाणी खाली गेलं की तिला खुर्चीत बसवून न्या आणि जागा दाखवून घ्या. हे माहीत असणारी माणसं आता थोडी राहिलीत.

चौथं, रानडुकरं येतात, कधी गवे खाली उतरतात, बिबट्या असतोच. कुत्रं रात्री बाहेर बांधू नका. तारेत घरची लाईट सोडायचा विचारसुद्धा करू नका, माणूस मरतं आणि जेल होते. सौर कुंपणाचा झटका चालतो.

वेण्णेकाठी :

मेढेकर काका, राग कसला, तुमचं पोस्ट मी घरच्या ग्रुपवर टाकलं आणि आजीला वाचून दाखवलं. तिनं लगेच विहिरी सांगितल्या. कुणाची, कितव्या तालीखाली, कुठल्या आंब्यापासून किती पावलांवर, सगळं. भावाने कागदावर नकाशा काढून घेतला आहे.

जेसीबी आणि काडी दोन्ही रद्द झाल्या. मोजणीचा अर्ज या आठवड्यात देतोय. एक प्रश्न : सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. वडील, दोन काका आणि दोन आत्या. एक काका म्हणतात आत्यांचं लग्न होऊन किती वर्षं झाली, त्यांची सही कशाला?

कायद्याचं_बोला :

आत्यांचा हक्क आहे आणि तो बाजूला ठेवून काही करू नका. वडिलांच्या मालमत्तेत मुलगी वारस आहेच, आणि वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. आधी वारस नोंद करून पाचही जणांची आणि आजीची नावं लावून घ्या. जमीन सामाईक ठेवायची असेल तर घर कुणी बांधायचं, खर्च कसा, वापर कसा, हे लिहून सह्या करा. पुढे वाटप हवंच असेल तर सगळ्यांच्या संमतीनं महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून होतं. पण ५० गुंठ्यांचे पाच तुकडे केले तर कुणालाच काही उरत नाही. शेतघराला किमान ४० गुंठे, म्हणजे ०.४ हेक्टर क्षेत्र लागतं. एकत्र ठेवलीत तरच तुमचं घर नियमात बसेल.

आत्यांना फोन करून बोलवा. त्या जमिनीवर त्याही वाढल्या आहेत.

जोतं_ते_कौल :

मी स्थापत्य अभियंता, कराडचा. घराबद्दल थोडं.

गोठ्याचं जोतं पाहून मोह होतो की त्यावरच उभारावं. दगड वापरा, जोतं नको. त्या काळी सगळं मातीत बसवलेलं असायचं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात मातीत बांधलेल्या दगडी भिंतीच सर्वांत जास्त कोसळल्या. जावळी त्या पट्ट्याच्या शेजारीच आहे. दगडी घर जरूर बांधा, पण मातीऐवजी सिमेंटच्या मसाल्यात, आणि जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे तीन सलग काँक्रीटचे पट्टे घ्या. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड ठेवायला गवंड्याला बजावून सांगा. यासाठी फार पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

छप्पर उतरतं, पाख्या लांब, ओसरी पश्चिमेला असेल तर पावसाळ्यात तट्ट्या लावायची सोय. पागोळ्यांचं पाणी दगडी चरातून बाजूला काढा, तालीवर सोडू नका.

शौचालय हा विषय लोक शेवटी घेतात, तुम्ही आधी घ्या. दोन शोषखड्ड्यांचं करा, आलटून पालटून वापरायचं. काठापासून जितकं वर आणि लांब नेता येईल तितकं न्या. हेच पाणी खाली लोक पितात. बांधकामाच्या आधी पाटबंधारे खात्याची ना हरकत विचारा, आणि जलाशयातून पंपानं पाणी उचलायचं असेल तर तीही परवानगी वेगळी असते. घरापुरत्या पाण्याला छपराचं पाणी टाकीत साठवलं तरी बरेच दिवस जातात.

आणि झाडं. वाटेत येतंय म्हणून जांभूळ पाडू नका. आंबा, जांभूळ, फणस, हिरडा, साग ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, स्वतःच्या मालकीत असली तरी परवानगी लागते. घर सरकवा.

जांभूळपाणी :

बेशरमाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. तोडलेला प्रत्येक तुकडा ओलीत पडला की रुजतो. म्हणून तोडून पाण्यात ढकलायचा नाही. मेच्या शेवटी पाणी सर्वांत खाली असतं तेव्हा मुळासकट उपटा, वरच्या कोरड्या खडकावर पसरून कडक वाळू द्या. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका आणि शेळ्यांना जवळ येऊ देऊ नका, विषारी आहे. काठ सरकारी हद्दीत येत असेल तर खात्याच्या शाखा कार्यालयात एक अर्ज देऊन ठेवा.

आणि काम करताना पायात गमबूट, हातात जाड मोजे. घोणस आणि फुरसं याच पाल्यात असतात. आधी काठी आपटायची, मग हात घालायचा. चावलंच तर मंत्र-तंत्र, चिरा-बांधा काही नको, थेट सरकारी दवाखाना.

वेण्णेकाठी :

खूप दिवसांनी येतेय, पण धागा रोज डोक्यात होता. पाऊस संपला, आता सविस्तर सांगते.

मोजणी झाली. खात्याचे दोन दगड घाणेरीतच सापडले, मोजणीदार काका म्हणाले होते तसंच. आम्हाला वाटत होतं त्यापेक्षा आमची हद्द बरीच वर थांबते, पण आंबा आणि सगळ्या ताली आमच्यातच आहेत. वारस नोंद झाली, दोन्ही आत्या सही करायला स्वतः मेढ्याला, तालुक्याच्या गावी, आल्या. ज्या काकांची कुरकुर होती त्यांनीच त्यांना जेवायला नेलं.

मृगाच्या आधी वळीव चांगला झाला आणि आम्ही सगळी भावंडं आलो. गावातली चार माणसं बरोबर होती, त्यांनी मुळावरचा घाव आम्हाला शिकवला. वरच्या दोन पट्ट्या निघाल्या. जिथे मारवेल लावला तिथे आता गुडघ्याएवढं गवत आहे आणि माती हललेली नाही. जिथे लावायचा राहिला तिथे रानमोडी आली आहे. फरक इतका स्पष्ट दिसतो की जेसीबीवाला भाऊही पुढच्या पट्टीच्या ठोंबांची चौकशी करतोय. घाणेरीखालून एक हिरडा निघाला, कुणालाच माहीत नव्हता. गुरांची वाट उत्तरेच्या बांधानं सोडली आहे.

आता काठालगत, पण आमच्या हद्दीत, काय लावू? भरलेल्या पाण्याच्या लाटा येऊन तिथली माती थोडी ढासळते आहे.

गवताळ_सडा :

अगदी कडेला वाळा, दोन ओळी, ठोंब जवळजवळ. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि कड धरतात. त्याच्या मागे करंज, उंबर आणि ओढ्याचं तोंड असेल तिथे वाळुंज, वाळुंजाची ताजी फांदी खोचली तरी जगते. एका कोपऱ्यात माणगा बांबूचं बेट. सुबाभूळ आणि निलगिरी कुणी फुकट दिली तरी नको. लावणी पुढच्या पावसाच्या सुरुवातीला, पण खड्डे मार्चमध्ये घेऊन ठेवा.

त्याआधी एक काम यंदाच : गवत वाळायच्या आत, डिसेंबरात, जागेभोवती दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढा. गवत वाढवलंत, म्हणजे वणव्याला खाद्यही वाढवलंत.

मेढेकर :

जाळरेषेचं मी बघतो. आमच्या रानाची काढायचीच आहे, सलग काढू. कापलेलं गवत गावातल्या गुरांना नेऊ द्या, मजुरी कमी पडेल. तुम्ही दिवाळीला या, मधली पट्टी कुठवर घ्यायची ते जागेवर उभं राहून ठरवू. आजींना आणा.